सम्राटाचं पान

मोठीच्या समुपदेशनाच्या खोलीत पहिल्यांदा येणारा माणूस हमखास भविष्याचंच विचारायचा. टेबलावर टॅरोचे पत्ते दिसले की कोणी लग्नाचं विचारी, कोणी नोकरीचं, आणि एका गृहस्थांनी तर हरवलेल्या मांजराचं विचारलं होतं. मोठी हसून सांगायची, माझ्या घरी उद्या कोण काय रुसून बसणार आहे ते मला कळत नाही, तिथे तुमच्या मांजराचं काय सांगू? तिच्याकडे पत्ते पिसायचे नसत. सगळे उघडे मांडायचे, चित्रं निवांत बघायची आणि टेबलावर आखलेल्या चौकोनांत आपल्या मनानं ठेवायची. एक चौकोन मुखवट्याचा, म्हणजे आपण जगाला दाखवतो तो चेहरा. एक सावलीचा, म्हणजे जे आपण स्वतःपासूनही लपवतो ते. एक आईचा, एक लहान मुलाचा आणि मधला वाटाड्याचा. मानसशास्त्राच्या पुस्तकांत यांना आदिबंध म्हणतात. मोठीला तो शब्द जड वाटे, म्हणून ती साचे म्हणायची. माणसं पिढ्यान्‌पिढ्या याच साच्यांत आपलं प्रेम, राग आणि भीती ओतत आली आहेत, असं ती समजावून सांगायची. तोंडानं जे सांगता येत नाही ते माणूस चित्राकडून वदवून घेतो, हे तिनं अनेकदा पाहिलं होतं. समुपदेशक म्हणून तिचं नाव होतं, आणि ते फुकटचं नव्हतं.

पत्त्यांचा हा जोड तिच्या धाकट्या बहिणीनं रंगवला होता. धाकटी शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. टॅरोच्या पानांवरचे चेहरे तिनं घरातले आणि आजूबाजूचे घेतले होते. वारलेली आई सम्राज्ञी झाली होती, कोपऱ्यावरचा पेपरवाला भोळा, आणि मोठीचा नवरा, जो परगावी पुलाच्या कामावर असायचा आणि सणासुदीलाच घरी उगवायचा, तो झाला होता उलटा टांगलेला माणूस. त्यावर नवरा एवढंच म्हणाला होता की निदान दोरी तरी मजबूत दाखव. फक्त सम्राटाचं पान धाकटी काही केल्या देत नव्हती. दुसऱ्या कोणाचा तरी चेहरा घेते, म्हणाली. मोठी हटून बसली. सम्राट म्हणजे बापाचा साचा. ज्याच्या हाताखाली आपण निर्धास्त असतो, तो. मग बाबांना सोडून दुसरा चेहरा कशाला? शेवटी तिनंच बाबांचा एक जुना फोटो नेऊन धाकटीच्या टेबलावर ठेवला. मग पान आलं, आणि हुबेहूब आलं. रुंद कपाळ, डाव्या भुवईत मधोमध पडलेली खाच, आणि मांडीवर शांत ठेवलेला मोठा उजवा हात.

बाबा पोहायला शिकवत. निवृत्त झाले तरी तरणतलावानं त्यांना सोडलं नव्हतं, शनिवारी सकाळचा लहान मुलांचा वर्ग अजून त्यांच्याकडेच होता. निम्मं गाव त्यांच्याकडे शिकलेलं, त्यामुळे बाजारात गेले तर चार पावलांवर कोणीतरी थांबून ‘सर’ म्हणायचं. आवाज कधी चढायचा नाही. मुलींवर त्यांनी आयुष्यात हात उगारला नव्हता. मोठीच्या घरापासून जवळच एकटे राहायचे, स्वतःचं स्वतः रांधायचे, आणि तिच्याकडे आले की गळका नळ नाहीतर सैल बिजागरी न सांगता दुरुस्त करून जायचे. शनिवारी नातीला सोबत न्यायचं कामही त्यांनीच मागून घेतलं होतं. नात, म्हणजे मोठीची मुलगी, नुकतीच शाळेत जायला लागलेली. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं.

अलीकडे मात्र ती बसायला लागली होती. पूर्वी तिचे केस धुवायचे म्हणजे न्हाणीघरात युद्ध व्हायचं. मोठी नखशिखान्त भिजायची आणि शेजारच्या काकू काय झालं म्हणून विचारायला यायच्या. आता भिंगरी स्टुलावर येऊन बसायची, ओठ घट्ट मिटायची, डोळे मिटायची, आणि डोक्यावर पाणी पडत असताना हूं की चूं करायची नाही. मोठीनं हे कौतुकानं बाबांना सांगितलं. बाबा बिजागरीला तेल घालत होते. मान वर न करता म्हणाले, पाण्याशी ओळख झाली की होतं असं.

अशातच दातांची एक डॉक्टर मोठीकडे आली. पस्तिशीची बाई, बरीच वर्षं बाहेर काढून नुकतीच गावात परतलेली, नीटनेटकी, बोलायला मोजकी. आपलं दुखणं तिनं असं सांगितलं की जणू दुसऱ्याच कोणाचा दात किडलाय. काम करताना पेशंटच्या तोंडात पाणी साठलं आणि त्याच्या घशात खळखळ झाली की हिचा श्वास अडकतो. हात थांबतात. हल्ली मदतनीस मुलीला पुढे करून ती खिडकीशी जाऊन उभी राहते. घरी तीन वर्षांचा मुलगा आहे, त्याला अंघोळ नवराच घालतो. नवरा बिचारा काही विचारत नाही, आणि तेच तिला खातं.

मोठीनं पत्ते मांडले आणि तिला निवडायला सांगितलं. डॉक्टरनं मुखवट्याच्या जागी न्यायाची बाई ठेवली, आईच्या जागी सम्राज्ञी. मग तिची नजर सम्राटावर गेली आणि तिथेच राहिली. पान तिनं बोटाच्या टोकानं सरकवत, न उचलताच, सावलीच्या चौकोनात नेलं.

मोठीला मनातून आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पुस्तकात दाखवावं असं उदाहरण समोर बसलं होतं. तिनं वडिलांबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाली, वडील घड्याळं दुरुस्त करायचे, साधा माणूस, माझ्या लग्नानंतर गेले, मला कधी टाकून बोलले नाहीत. मोठीनं समजावलं की हा साचा म्हणजे आपलेच वडील असं नसतं. जगातली सगळी सत्ता, सगळा धाक माणूस बापाच्या रूपात बघतो. डॉक्टरनं ऐकून घेतलं. जाताना दारात थांबून म्हणाली, हा माणूस उजव्या हातानं धरतो. मोठीला ते वाक्य इतकं आवडलं की तिनं ते दोन दिवस मनात घोळवलं.

पुढच्या भेटीत डॉक्टरनं आल्या आल्या सम्राट सावलीत ठेवला आणि त्याच्या खाली चंद्राचं पान आडवं लावलं. चंद्राच्या पानावर एक डोह आहे. मोठीनं विचारलं की डोह का. ती म्हणाली, तो पाण्यातच असतो. आणि हळू बोलतो, फार हळू, म्हणून बाहेर कोणाला ऐकू येत नाही. मोठी म्हणाली, पाणी म्हणजे आपलं नेणिवेचं मन, खोल आणि अंधारं. धाक देणारा आवाज आपण तिथे बुडवून ठेवतो. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं घड्याळ पाहिलं आणि वेळ व्हायच्या आतच उठली.

तिसऱ्या भेटीला ती शुक्रवारी संध्याकाळी आली. पत्ते मांडलेले होते, पण तिनं एकालाही हात लावला नाही.

“मॅडम, हे सम्राटाचं चित्र कोणाचं आहे?”

मोठीनं सवयीप्रमाणे प्रश्न परतवला. “तुम्हाला कोणाचं वाटतं?”

“मला वाटत नाही. मी विचारतेय.”

मग डॉक्टरच बोलायला लागली, आणि तिच्या आवाजात काही फरक पडला नाही. ती सात वर्षांची असताना तिला पोहायच्या वर्गाला घातलं होतं. वर्ग सुटला की बाकीची मुलं घरी जायची आणि जी पाण्याला घाबरतात त्यांच्यातल्या एखाद्याला सर मागे ठेवायचे. एकाच वेळी दोघांना कधी नाही. मागच्या बाजूला छोटा हौद होता. सर तिला हौदात उभं करायचे, मानेमागे हात ठेवायचे आणि डोकं पाण्याखाली धरायचे. उजव्या हातानं. रागानं नाही. पाण्याबाहेरून त्यांचा आवाज यायचा, अगदी मायेचा, की घाबरू नकोस बाळा, घाबरणं तुझ्यातून बाहेर येऊ दे, ते आलं की मी सोडतो. ती तडफडायची तेव्हा ते सोडायचे नाहीत. तडफडणं थांबलं की सोडायचे. मग शहाणी म्हणायचे, टॉवेलमध्ये गुंडाळायचे आणि एक पेपरमिंटची गोळी द्यायचे. तिनं घरी सांगितलं तर घरचे हसले होते. एवढे मोठे सर, तुझ्यासाठी जादा वेळ देतात.

“डाव्या भुवईत खाच होती,” ती म्हणाली. “अशीच. असा चेहरा कोणी मनानं काढत नाही. तो माणूस अजून शिकवतो का, एवढंच मला कळायला हवंय.”

मोठीच्या जिभेवर पेपरमिंटची चव आली. ती चव कुठून आली हे तिला कळेना, पण आली हे खरं. तिनं पत्ते गोळा करायला घेतले, आणि पत्ते नीट एकावर एक लावता लावता म्हणाली की चित्रकारानं कल्पनेनं काढलेला चेहरा आहे, तो कोणाचाच नाही. साच्याला चेहरा नसतो, आपण त्याला आपल्या आठवणीतला चेहरा लावतो.

डॉक्टरनं मान हलवली. रोज दोनदा दात घासतो म्हणून सांगणाऱ्या पेशंटकडे बघून ती अशीच मान हलवत असावी. पर्स उचलली आणि निघून गेली.

शनिवारी सकाळी बाबा नेहमीच्या वेळेला दारात आले. मोठीनं रात्रभर स्वतःला समजावलं होतं. लहानपणच्या आठवणी एकमेकींत मिसळतात. पोहायला शिकवणारी माणसं जगात पुष्कळ असतात. खाच काय, कोणाच्याही भुवईला असते. तरीही भिंगरीची पिशवी हातातच धरून ती म्हणाली की आज राहू दे, तिला जरा कणकण वाटतेय.

बाबांनी नातीच्या कपाळाला हात लावला. “ताप नाही गं. खाडा केला की भीती परत घर करते. आज छोट्या हौदात घेतो तिला, एकटीलाच. दमेल, मग शांत झोपेल.”

बूट घालून भिंगरी केव्हाची तयार उभी होती, ओठ मिटून. मोठीनं पिशवी दिली. दार लावलं. जिन्यातले पावलांचे आवाज खाली जाईपर्यंत ती कडीवर हात ठेवून उभी राहिली, मग चपला घालून थेट धाकटीकडे गेली.

धाकटी दोन बसथांबे पलीकडे राहायची. ती खारूताईचं चित्र रंगवत बसली होती, पहिलीच्या पुस्तकासाठी. मोठीनं उभ्या उभ्याच विचारलं की तू बाबांचा चेहरा काढायला का तयार नव्हतीस. धाकटीनं ब्रश पाण्याच्या पेल्यात टाकला आणि बराच वेळ तो हलवत राहिली.

“तुला खरंच आठवत नाही, ताई?”

मोठीला आठवत होतं ते तिनं सांगितलं. बाबा तिला जादा वेळ द्यायचे. ती लाडकी होती. वर्ग सुटल्यावर फक्त तिला मागे ठेवायचे, आणि घरी येताना तिच्या गालात गोळी असायची.

“हो, तुला ठेवायचे,” धाकटी म्हणाली. “मला नाही. मी पहिल्याच दिवशी हसत उडी मारली, कारण तुझं मी पाहिलं होतं. मी बाहेर काचेच्या दाराशी बसायचे आणि पाण्याचा आवाज ऐकायचे. तू बाहेर यायचीस तेव्हा तुझे ओठ जांभळे असायचे. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, ते शिकवतायत, तू शहाणपणा करू नकोस. तू आधी इतकी बडबडायचीस, नंतर गप्पच झालीस. सगळे म्हणायला लागले, मोठी किती समजूतदार आहे.”

मोठी खुर्चीत बसली. धाकटी तिच्याकडे न बघता पुढचं वाक्य बोलली, आणि ते बोलताना तिला किती कष्ट पडत होते ते दिसत होतं. “भिंगरीला पाठवायला लागलीस तेव्हा मला वाटलं, तुला सगळं ठाऊक आहे आणि तुझं काही म्हणणं नाही. म्हणून मी बोलले नाही. मी बोलायला हवं होतं.”

आज भिंगरी कुठे आहे, असं धाकटी विचारेपर्यंत मोठी दारात पोचली होती.

तरणतलावाच्या फाटकावरचा माणूस तिला ओळखत होता. सरांची मुलगी म्हणून त्यानं हसून हात केला. मोठ्या तलावाचा वर्ग सुटला होता. ओल्या केसांची मुलं बाकांवर बसून बिस्किटं खात होती, त्यांच्या आया कपडे पिळत होत्या. पाण्यातल्या औषधाचा वास डोळ्यांत चुरचुरत होता. भिंगरी त्या मुलांत नव्हती. मोठी कपडे बदलायच्या खोल्यांवरून मागे गेली. वाट तिनं कोणाला विचारली नाही. पाय आपोआप वळत होते, आणि कुठल्या वळणावर फरशी निसरडी आहे हेही त्यांना माहीत होतं.

काचेचं दार धुरकट झालं होतं. आत बाबा कमरेइतक्या पाण्यात वाकून उभे होते, तिच्याकडे पाठ करून. भिंगरी कुठे दिसेना. फक्त बाबांचा उजवा हात दंडापर्यंत पाण्यात होता आणि त्या हातापुढचं पाणी हलत होतं. ते खाली बघून बोलत होते. शब्द ऐकू येत नव्हते, पण त्या आवाजाची लय दारातून पाझरत होती, झोपवताना थोपटावं तशी. मग पाणी हलायचं थांबलं.

मोठीनं दार ढकललं आणि कपड्यांनिशी पाण्यात उतरली. पाण्यात आपल्याला पळता येत नाही, हे तिला तेव्हा कळलं. ती पोचायच्या आधीच बाबांनी हात वर केला आणि भिंगरी बाहेर आली, डोळे सताड उघडे, तोंडाचा आ झालेला, आणि बराच वेळ तिच्या तोंडून आवाजच आला नाही. मग खोकला आला. बाबा म्हणाले, “शहाणी गं माझी.”

मोठीनं लेकीला ओढून उराशी घेतलं. बाबांना राग आला नाही. वर्गाच्या मध्येच पालक आत आल्यावर येतो तेवढाच वैताग त्यांच्या चेहऱ्यावर होता.

“आता होतच आलं होतं,” ते म्हणाले. “उगाच मध्ये आलीस.”

“ती मेली असती, बाबा.”

“आजवर कोणी मेलंय? तुलाही असंच शिकवलं. वाईट झालं का तुझं?”

इतकी वर्षं मोठी लोकांना उत्तरं शोधायला मदत करत होती, आणि या एका प्रश्नापुढे तिच्या तोंडाला कुलूप लागलं. कारण वाईट काय झालं ते तिला दाखवता येत नव्हतं. ती शिकली होती, नावारूपाला आली होती, बापाचा चेहरा सम्राट म्हणून टेबलावर मांडत होती. ती वळली आणि पायऱ्यांकडे चालू लागली. भिंगरी तिच्या खांद्यावरून मागे बघत होती.

“आई, थांब ना,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “मला अजून नाही जमलं. आजोबा म्हणतात अजून थोडंसंच राहिलंय.”

त्यानंतरचे दिवस मोठीला नीट आठवत नाहीत. भिंगरीला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं, छाती तपासली, सगळं ठीक निघालं. तिनं तलावाच्या व्यवस्थापकाला सांगितलं. तो आधी हसला, मग गंभीर झाला, मग म्हणाला की सरांचं वय झालंय, तसाही आम्ही नवा माणूस बघतच होतो. एका समारंभात शाल आणि फुलं देऊन त्यांना निरोप दिला. पोलीस ठाण्यात तक्रार घेणाऱ्या बाईंनी विचारलं की मुलीच्या अंगावर खुणा आहेत का. खुणा नव्हत्या. बाबांच्या हातानं कधी खूण उठायची नाही. नवरा पुलाचं काम टाकून आला, सासऱ्यांशी बोलायला गेला, आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आला. त्यांनी चहा केला म्हणे, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले की मोठी हल्ली फार काम करते, तिला विश्रांती द्या. नातेवाइकांत बोलणं सुरू झालं की दोन्ही मुली म्हाताऱ्याच्या जिवावर उठल्यात. मोठीच पत्ते मांडून बसते, तिचंच डोकं फिरलंय.

दातांच्या डॉक्टरला फोन करायला मोठीला धीर गोळा करावा लागला. तिनं लांबण लावली नाही.

“ते चित्र माझ्या वडिलांचं आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले. तुम्ही मला घडलेली गोष्ट सांगत होतात आणि मी तिचा अर्थ लावत बसले.”

पलीकडे दात कोरायच्या यंत्राची घरघर थांबली. मग डॉक्टरनं विचारलं, “तुम्हाला मुलं आहेत का?” मोठीनं सांगितलं. भिंगरीचं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाली की पेशंट खुर्चीत आहे, आणि फोन ठेवला.

महिनाभरानं धाकटीनं बातमी आणली. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवा तलाव झाला होता, आणि तिथे फलकावर बाबांचं नाव होतं. अनुभवी प्रशिक्षक, लहान मुलांसाठी खास वर्ग. मोठी तिथल्या मालकाला भेटली. तो तरुण होता, अदबीनं बोलला. म्हणाला, घरगुती वादात मी कसा पडू? पालक खूश आहेत. इतक्या शिस्तीत बसणारी मुलं मी पाहिली नाहीत.

तेव्हापासून शनिवारी सकाळी मोठी त्या तलावाच्या बाकावर जाऊन बसू लागली. तिला नाही जमलं तर धाकटी जायची, चित्रांची वही घेऊन. वर्ग सुटला तरी शेवटचं मूल फाटकाबाहेर जाईपर्यंत उठायचं नाही, असं दोघींनी ठरवलं होतं. बाबांना ते कळत होतं. ते पाण्यातून तिच्याकडे बघून हात हलवायचे. मुलांना हात मारायला, पाय झाडायला, तरंगायला शिकवायचे, आणि कोणीही म्हणेल की हा माणूस किती छान शिकवतो. कधीकधी मोठीलाही वाटून जायचं की आपलंच चुकतंय. तसं वाटलं की ती भिंगरीचं ते आ केलेलं तोंड डोळ्यांसमोर आणायची.

एका शनिवारी तिच्या शेजारी कोणीतरी येऊन बसलं. दातांची डॉक्टर होती, नव्या तलावाचं मोठीनं तिला कळवलं होतं. मोठीनं सरकून जागा केली. डॉक्टर म्हणाली, जबाब द्यायला मी तयार आहे, पण आधी मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. तिचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते. बाकी ती नेहमीसारखी नीटनेटकी होती.

मुलं काठाला धरून पाय झाडत होती. एक मुलगा मात्र पायरीवरच बसून राहिला होता, गुडघे पोटाशी घेऊन. बाबांनी त्याच्याकडे एकदोनदा पाहिलं. मग ते पाण्यातून वर आले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बाकाकडे चालत आले. मोठीला वाटलं, आता डॉक्टरला ओळखतील. ते डॉक्टरकडे बघून मायेनं हसले.

“मुलाचं नाव घालायचंय का? केवढा आहे?”

“तीन वर्षांचा,” डॉक्टर म्हणाली.

“आणा की. लहान असतानाच बरं. भीती मुरायच्या आत काढून टाकता येते.”

“तुम्ही मला ओळखलं नाहीत, सर.”

बाबांनी मान तिरकी करून तिच्याकडे नीट पाहिलं. अगदी प्रामाणिकपणे पाहिलं. मग मान हलवली. “मुलं खूप झाली गं, बाळा. सगळी कुठली लक्षात राहायला?” त्यांनी अर्ध्या चड्डीच्या खिशातून पेपरमिंटची घट्ट झाकणाची डबी काढली, एक गोळी तिच्यापुढे धरली, आणि तिनं घेतली नाही तेव्हा स्वतःच्याच तोंडात टाकून परत पाण्याकडे गेले.

मोठी डॉक्टरच्या पाठीवर हात ठेवावा की नको या विचारात होती. मग डॉक्टर उठली, आणि पलीकडच्या बाकांवर बसलेल्या आयांसमोर जाऊन उभी राहिली. आवाज न चढवता तिनं सांगितलं की मी दातांची डॉक्टर आहे, माझा दवाखाना अमुक चौकात आहे, लहानपणी मी या सरांकडे शिकायला होते, आणि ते वर्ग सुटल्यावर घाबरणाऱ्या मुलांचं काय करतात ते मला तुम्हाला सांगायचंय. मोठी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी त्यांची मुलगी आहे, या सांगतायत ते खरं आहे.

सगळ्याजणी ऐकत होत्या. एकीनं मोबाइल खाली ठेवला. एक म्हणाली की आमचा मुलगा तर फार सुधारलाय, आता ओरडतच नाही. दुसरी नजर चुकवून पिशवीची चेन उघडझाप करू लागली. पायरीवर बसलेल्या मुलाची आई तेवढी उठली. ती काठापर्यंत गेली, मुलाला दंडाला धरून उभं केलं आणि ओल्या अंगावरच शर्ट चढवून फाटकाकडे घेऊन गेली.

बाकीच्या बसून राहिल्या. पाण्यात बाबांनी शिट्टी वाजवली आणि मुलं निमूटपणे रांगेत उभी राहिली.